ओळख आधी, बंदोबस्त नंतर

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारीतल्या दोन फेऱ्यांत सुमारे ९०० माणसे मेली. मुंबईला खेटून असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. दंगलींचा इतिहास ठाऊक असलेल्यांना याचेच जास्त नवल वाटले.

कारण भिवंडीचे नाव तोवर दंगलीशीच जोडले गेले होते. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून हिंसाचार उसळला. न्या. मादन चौकशी आयोगाच्या नोंदीनुसार एकट्या भिवंडीत ७८ बळी गेले. दंगलीच्या तपासात पोलिसांनी उघड भेदभाव केला, असा ठपकाही आयोगाने ठेवला. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा भडकली, ती आग मुंबई-ठाण्यापर्यंत गेली आणि अडीचशेहून अधिक जीव गेले. मग आठ वर्षांत असे काय बदलले?

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे भिवंडीत आले. आधीच्या दंगली कशा घडल्या याचा त्यांनी अभ्यास केला आणि मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शहरभर सुमारे ७० समित्या, आणि प्रत्येकीत हिंदू व मुसलमान बरोबरीने. पुढाऱ्यांना आणि गुंडांना मुद्दाम बाहेर ठेवले. सभासद म्हणून दुकानदार, कामगार, शिक्षक अशी साधी माणसे घेतली आणि प्रत्येक समितीला एक पोलीस जोडून दिला.

शांतता समिती तर प्रत्येक पोलीस ठाण्याला असते. गणपती किंवा ईद जवळ आली की तिची बैठक भरते. ठरलेली मंडळी पहिल्या रांगेत बसतात, एकोप्यावर भाषणे होतात, चहा होतो, फोटो निघतो. पुढची बैठक थेट पुढच्या सणाला. मोहल्ला समिती वेगळी ठरली ती इथेच. सण असो वा नसो, ती भरायची आणि तिच्यापुढे गल्लीतली किरकोळ भांडणे यायची. पाण्यावरून झालेली बाचाबाची, पोरांची मारामारी, भाडेकरूची तक्रार असले विषय वेळीच मिटले नाहीत, तर त्यांनाच पुढे धर्माचा रंग चढतो. या बैठकांतून शेजाऱ्याची शेजाऱ्याशी आणि दोघांची बीटवरच्या हवालदाराशी ओळख झाली. अफवा उठली की खरेखोटे कुणाला विचारायचे, हे लोकांना ठाऊक झाले.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या शहरांची जोड्या लावून तुलना केली. जिथे दोन्ही समाज संघटना, व्यापार, कामगार चळवळी यांत एकत्र गुंतलेले असतात, तिथे दंगल पसरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भिवंडीचा दाखला त्यांनी आवर्जून दिला. तिथे हे गुंतणे आपोआप घडले नव्हते, एका पोलीस अधिकाऱ्याने ते जाणीवपूर्वक घडवून आणले होते.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. १९९४ मध्ये आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली. दहा वर्षांनी वेगळ्या वाटेने हाच विचार झोपडपट्टीत पोहोचला. पुण्याचे आणि नंतर मुंबईचे आयुक्त अ. ना. रॉय यांनी जॉकिन अर्पुथम यांच्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाला आणि महिला मिलन या संघटनेला सोबत घेऊन पोलीस पंचायती स्थापन केल्या. प्रत्येक पंचायतीत वस्तीतल्या सात बायका आणि तीन पुरुष असत. दारू पिऊन मारहाण करणाऱ्या नवऱ्याची तक्रार घेऊन ठाण्याची पायरी चढायला जी बाई बिचकते, ती शेजारणीपुढे मोकळेपणाने बोलते, हे साधे गणित त्यामागे होते. ग्रामीण भागात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. तिने गावातले तंटे गावातच मिटवायला बळ दिले, आणि पुरस्कारांमुळे आकड्यांची हावही निर्माण केली.

या साऱ्यांचे दुखणे एकच आहे: बदली. हौशी अधिकारी असतो तोवर समिती जिवंत असते, तो गेला की ती कागदावर उरते. मग तिच्यात दलाल शिरतात, नाहीतर ती खबऱ्यांची टोळी होते. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच नव्या पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. ती जागा कब्रस्तानाची असल्याचा आंदोलकांचा दावा होता. गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. हिंदू-मुस्लिम दंगल तेव्हाही झाली नाही, पण पोलीस आणि मोहल्ला यांच्यातला विश्वास किती ताजा ठेवावा लागतो, हे दिसले.

म्हणून समित्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. किती गुन्हे नोंदले आणि किती आरोपी पकडले, यावर ठाणेदाराचे मूल्यमापन होते. किती भांडणे चिघळण्याआधी मिटली, हेही त्याच्या गोपनीय अहवालात यायला हवे. बीटवरच्या हवालदाराला गल्ली ओळखण्याइतका काळ एका जागी राहू द्यायला हवे. आणि आपल्या बीटचा हवालदार कोण, हे निदान आपण नागरिकांनी तरी सणाची वाट न पाहता विचारून घ्यावे.