एक नाड, एक रक्तगट आणि एक गफलत

पुण्यातल्या वधू-वर सूचक मंडळांच्या फॉर्मवर गोत्र आणि नाडी यांच्या शेजारी रक्तगटाचा रकाना येऊन बसला, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यातून एक समजूत पक्की झाली आहे. एकनाड म्हणजेच दोघांचा रक्तगट एक, आणि रक्तगट एक असला की संततीत दोष. जुन्यांना आनुवंशिकता कळली होती, त्यांनी फक्त नाव वेगळं दिलं, हे त्यावरचं भाष्य. मुलांचं भलं व्हावं हा हेतू चांगलाच आहे, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. नाडी ठरते जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे त्यावरून. 27 नक्षत्रं नऊ-नऊ करून आद्य, मध्य आणि अंत्य यांत वाटलेली असतात आणि चंद्र जवळजवळ रोज नक्षत्र बदलतो. रक्तगट ठरतो गर्भधारणेच्या वेळीच, नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या दोन प्रतींवरून. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. बाळंतपण एक दिवस लांबलं तर नाडी बदलू शकते, रक्तगट बदलत नाही. सिझेरियनचा मुहूर्त काढून घेणाऱ्यांच्या तरी हे सहज लक्षात यायला हवं.

नाडी बाजूला ठेवली तरी दोघांचा रक्तगट सारखा असणं वाईट, ही समजूत उरतेच. आपल्याकडे ओ आणि बी हे दोन गट मिळून निम्म्याहून अधिक लोकसंख्या व्यापतात. त्यामुळे डोळे मिटून जोड्या लावल्या तरी दहातल्या तीन-एक जोड्यांत एबीओ गट सारखाच निघणार. एवढ्या घरांमध्ये त्यापायी सदोष मुलं जन्मत असती, तर ते शोधायला डॉक्टरची गरज पडली नसती. यावर आरएचचं उदाहरण पुढे केलं जातं. ते खरं आहे, पण ते उलट्या बाजूचं आहे. तिथे अडचण येते ती गट वेगळे असल्यामुळे, म्हणजे आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असताना. त्यावर गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन देतात. लग्न मोडण्याचं ते कारण नाही.

गोत्राची बाजू जास्त भक्कम वाटते, कारण त्यात निदान नात्याचा विचार आहे. पण गोत्र चालतं फक्त वडिलांच्या वडिलांच्या वडिलांकडून. माणसाला पणजे-पणज्या मिळून आठ असतात. गोत्र त्यांतल्या एकाचीच नोंद ठेवतं आणि उरलेल्या सातांबद्दल गप्प बसतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करत असताना भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात मामाची मुलगी करतात, आत्याची मात्र टाळतात, ही रीत त्यांनी त्यात नोंदवली आहे. जनुकांच्या हिशेबात या दोघी तंतोतंत सारख्या: दोघींशीही सरासरी एक अष्टमांश वारसा सामाईक, आणि दोघींचंही गोत्र वेगळं. अशा लग्नांत जन्मजात दोषांचं प्रमाण सर्वसाधारण शेकडा दोन-तीनच्या सुमारे दुप्पट असतं, आणि गोत्राला त्याचा पत्ताही नसतो. उलट कोकणातल्या आणि काशीतल्या दोन काश्यपगोत्रींत शोधूनही जवळचं नातं सापडणार नाही. सगोत्र विवाहावरची बंदी कायद्याने 1946 सालीच उठवली.

मग खरी भीती कशाची? थॅलेसेमिया घ्या. हिमोग्लोबिनच्या जनुकाची एक प्रत सदोष असलेला माणूस मायनर, म्हणजे वाहक. तो ठणठणीत असतो, फार तर किंचित पंडुरोग. दोन्ही प्रती सदोष असतील तर मेजर: लहानपणापासून दर काही आठवड्यांनी रक्त भरणं, आणि साठणारं लोह काढण्यासाठी औषधं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला मेजर होण्याची शक्यता चारात एक. हे चारात एक म्हणजे चार मुलांपैकी एक आजारी आणि बाकीचे तिघं सुटले, असं नव्हे. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. नाणं आधीचा निकाल लक्षात ठेवत नाही, तसंच हे.

‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ हे उत्तर म्हणूनच निरुपयोगी आहे. वाहकपणा पिढ्यानपिढ्या कुणाला न कळता पुढे जातो; तो दिसतो दोन वाहक एकत्र आल्यावर. ‘आम्ही जातीबाहेर जात नाही’ याने धोका कमी होत नाही. समूह जितका आतल्या आत लग्नं करणारा, तितका तोच दडलेला दोष दोन्ही बाजूंनी भेटण्याची शक्यता जास्त. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे, आणि फाळणीनंतर वसलेली पिंपरीची वस्ती पुण्याला लागूनच आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्तविकारही याच नियमाने चालतो. मात्र हा काही ठरावीक समाजांचाच प्रश्न समजून इतरांनी हात झटकू नयेत. देशभरात शंभरात तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत, आणि वाहक कुठल्याही आडनावाचा असू शकतो.

म्हणून लग्नाआधी दोघांचीही वाहक-तपासणी व्हावी आणि फॉर्मवर तिचा रकाना असावा. यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप असा, की तपासणीचा रकाना आला की मुलींची लग्नं मोडतील. भीती खोटी नाही, कारण मायनर म्हणजे आजारी असा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. पण वाहकाने वाहक नसलेल्या जोडीदाराशी लग्न केलं तर मेजर मूल जन्माला येत नाही. मुलांपैकी कुणी वाहक होऊ शकेल, इतकंच. सायप्रसमध्ये 1970च्या दशकापासून ही तपासणी सर्रास झाली, पुढे चर्चमधल्या लग्नासाठी तिचा दाखला आवश्यक ठरला. तरीही तिथल्या बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्नं मोडली नाहीत. त्यांनी गर्भजल वगैरे तपासण्यांचा आधार घेतला, आणि मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे गर्भधारणेनंतर तपासणी करतात ती बाईची, आणि ती वाहक निघाली तरच नवऱ्याला बोलावतात. तोवर आठवडे निघून गेलेले असतात. रक्तातल्या हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण सांगणारी एचपीएलसी चाचणी माणसाला बहुधा आयुष्यात एकदाच करावी लागते, आणि नाडीच्या रकान्याच्या जागी तिचा निकाल लिहायला फॉर्मवर पुरेशी जागा आहे.