ड्रोन काय मोजतो आणि काय नाही

बुलढाणा आणि ड्रोन हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर लोणार येतं. आकाशातून टिपलेलं ते गोल तळं आपण सगळ्यांनीच मोबाइलवर पाहिलंय. फोटो सुंदर आहे, पण तो नकाशा नाही. आज आपण तिथूनच सुरुवात करू.

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठ तळ्यापेक्षा सव्वाशे मीटरहून जास्त उंच. समजा, ड्रोन काठापासून १२० मीटर वर उडतोय. काठावरचं झाड कॅमेऱ्यापासून १२० मीटरवर, तळाशी असलेलं जवळजवळ अडीचशे मीटरवर. तेवढंच झाड खाली निम्मं दिसणार! एकाच फोटोत दोन प्रमाणं झाली, मग पट्टी लावून अंतर काढणार कसं?

म्हणून मोजणीसाठी ड्रोन एक फोटो काढत नाही, शेकडो काढतो. ओळीने जातो, परत येतो आणि प्रत्येक फोटोचा बराचसा भाग शेजारच्या फोटोत पुन्हा येईल असं बघतो. एकच बिंदू पाच-सहा जागांवरून दिसला, की तो किती सरकला यावरून त्याची उंची निघते. आपले दोन डोळे हेच करतात. उंची कळली की प्रत्येक ठिपका आपल्या खऱ्या जागी बसवता येतो. याला ऑर्थोफोटो म्हणतात. त्यावर मात्र पट्टी लावता येते.

आता विवरातून गावात येऊ. शेताला सातबारा आहे. गावठाणातल्या घराला काय? ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. साधारण दोन हजारांवर वस्तीच्या गावांत सिटी सर्व्हे व्हायचा, लहान गावं राहून जायची. घाटावर काय नि घाटाखाली काय, अशी गावं आपल्याकडे पुष्कळ. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेली स्वामित्व योजना या घरांसाठी आहे. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग झाला होता. भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोन उडवतो, भूमी अभिलेख विभाग चौकशी करून मिळकत पत्रिका तयार करतो.

पण ड्रोनला हद्द दिसत नाही. हे नीट लक्षात घ्या. त्याला दिसतो चुना. उड्डाणाच्या आधी गावकऱ्यांनी, शेजाऱ्याला समोर ठेवून, आपापल्या जागेभोवती फक्की मारायची असते. फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण ५ सेंटीमीटर. बोटभर रेघ ओढली तर ती पुसटच येणार. चांगली वीतभर रुंद हवी. मध्ये पाऊस झाला तर पुन्हा ओढायची.

दुसरी अडचण वळचणीची. भिंत एका जागी, टिनपत्रे दीड-दोन फूट पुढे. वरून दिसते ती पत्र्याची कड. तीच हद्द धरली तर शेजाऱ्याचा बोळ गेला! लिंबाखाली झाकलेली भिंत, दाटीतला अरुंद बोळ, यांचंही तसंच. अशा ठिकाणी भूकरमापकाला टेप घेऊन जावंच लागतं. आमच्या मते खरी मोजणी तिथेच होते, ड्रोनने बाकीचे दिवस वाचवले एवढंच. तेही थोडं नाही म्हणा.

आणि नाव? बखळ जागा दोन भावांची, वडील वारलेले, बहीण लग्न होऊन मेहकरला. ड्रोनला यातलं काही कळत नाही. नावं ठरतात ती चौकशीत. तिची नोटीस लागली की नमुना आठ, खरेदीखत, वाटणीपत्र, जे असेल ते घेऊन हजर राहायचं. बाहेरगावी असलेल्यांना आधी फोन करायचा, बहिणीलाही. मसुदा नकाशा लागला की त्यावर आपल्या घराची कड भिंतीवर आहे की पत्र्यावर, ते बघायचं आणि हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यायची.