दम टिकतो, पकड सुटते

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही मैदानावर पहाटे गेलात तर भरतीची पोरं दिसतात. सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीचा हिशोब त्यांना तोंडपाठ असतो. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं की ६० गुण, दहा पुलअप्स काढले की ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बीमवरचा तोल यांत फक्त पास व्हायचं. वर्षानुवर्षं चालत आलेल्या या हिशोबातली मेख पुलअप्समध्ये आहे. नऊ काढणाऱ्याला ३३ गुण मिळतात, म्हणजे शेवटचा एकटा पुलअप सात गुणांचा. हात सुटू लागल्यावर जो एकदा तरी वर जातो, त्याची किंमत सैन्याला ठाऊक आहे.

पैसे भरून धावायची अडथळ्यांची शर्यत ही याच चाचणीची शहरी बहीण. पुण्यात होणाऱ्या ‘डेव्हिल्स सर्किट’सारख्या शर्यतीत पाचेक किलोमीटर अंतर आणि पंधराएक अडथळे असतात: भिंती, दोर, लोंबकळत पार करायचे बार, चिखल, थंड पाणी, वजन उचलून नेणं. वाई-साताऱ्याकडच्या धावपटूला यातलं ‘पाच किलोमीटर’ एवढंच ऐकू येतं. यवतेश्वरच्या घाटातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन ज्याने पूर्ण केली आहे, त्याला पाच किलोमीटर म्हणजे पाय मोकळे करणं. आणि तिथेच फसगत होते. पहिल्या शर्यतीत असे धावपटू दमाने मागे पडत नाहीत, बारवरून खाली पडतात.

या खेळाचं मूळ लष्करी कवायतीतच आहे. फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज एबेर याने पहिल्या महायुद्धाच्या आधी धावणं, चढणं, उड्या, वजन वाहणं, तोल सांभाळणं हे सगळं एका सलग व्यायामात गुंफलं. नागरिकांसाठी त्याची शर्यत झाली ती १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या ‘टफ गाय’ने. अमेरिकेत २०१० पासून ‘स्पार्टन’ आणि ‘टफ मडर’ने तिचा धंदा केला. टोकियो ऑलिंपिकच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये एक घोडा अडून बसला, प्रशिक्षिकेने त्याला बुक्की मारली, जगभर ओरड झाली. अखेर त्या खेळातून घोडाच गेला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी त्याच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली.

पकड का सुटते? बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. बार घट्ट आवळून धरला की त्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, ताजं रक्त कमी पोचतं, हात भरून येतो. त्यात आपण धापा टाकत आलेलो, तळवे चिखलाने बरबटलेले. जिममध्ये ताज्या हाताने पंधरा पुलअप्स काढणारा इथे तिसऱ्या बारला खाली येतो, तो यामुळे.

म्हणून सरावाचा गाभा एकच आहे: दमल्यावर लटकणं. चारशे मीटर वेगाने धावा, थेट बारला लटका, सुटायच्या बेतात आलात की उतरा, पुन्हा धावा. सुरुवातीला चार-पाच फेऱ्या पुरतात. हे आठवड्यातून दोनदाच करावं. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरा मात्र सावकाश तयार होतात. उत्साहाच्या भरात रोज लटकणाऱ्याचं कोपर महिनाभरात बोलायला लागतं. तीन किलोमीटर न थांबता धावू शकणाऱ्याने हाताशी तीन महिने ठेवावेत, असं माझं मत.

दोरासाठी तालमीत जावं. पेशव्यांच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, तेव्हापासून मल्लखांब खेळणारी माणसं या मुलखात आहेत. फक्त एक अडचण येते. दोरीचा मल्लखांब अनवाणी, पायाच्या अंगठ्यात दोर पकडून खेळतात. शर्यतीत पायात बूट असतात. तिथे दोर एका बुटाखालून घेऊन दुसऱ्या बुटाने वरून दाबायचा, म्हणजे पायऱ्या चढल्यासारखं पायांवर उभं राहता येतं आणि हातांना फक्त तोल धरावा लागतो. हातांच्या जोरावर दोर चढणं बघायला छान वाटतं, पण पुढे अजून पाच अडथळे असतात.

पायांसाठी वाईकराला कुठे जायची गरज नाही. वाईहून पाचगणी बाराएक किलोमीटर, आणि तेवढ्यात पाचशे मीटरहून जास्त चढ. पहिल्या महिन्यात पसरणी घाट चढून जावं आणि एसटीने खाली यावं. पुढे पांडवगडासारख्या पायवाटा धराव्यात आणि मुद्दाम उतारावर धावायला शिकावं, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतात आणि दोन दिवस जिना उतरवत नाही. ते दुखणं शर्यतीआधी दोन-चारदा भोगून घेतलेलं बरं. शनिवार-रविवारी घाटरस्ता मात्र टाळा; महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची वळणांवरची घाई हा अडथळा आपल्या यादीत नको. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चढायच्या त्या कोरड्या असतील तेव्हाच, आणि पूजेला आलेल्यांना वाट देऊन.

अडथळ्यांत लय कशी राखायची, हे शिकायला जिल्ह्यातलंच नाव आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात; महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर उंचीचे ते अडथळे धक्का लागला तरी पडत नाहीत. ललिता मुळात लांब पल्ल्याची धावपटू, स्टीपलचेसकडे ती नंतर वळली. तिच्या धावण्याची चित्रफीत पाहा आणि उडीपेक्षा उडीनंतरची पावलं न्याहाळा. भिजलेल्या पायांनी ती किती लवकर मूळ वेगावर येते, तिथे शर्यत आहे. हौशी माणूस भिंत उतरला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. तेवढ्यात चौघं पुढे जातात.

कपड्यांचं थोडक्यात: सुती टी-शर्ट पाणी पिऊन जड होतो, तो नको. बूट वापरून रुळलेले, पाणी बाहेर टाकणारे हवेत. अंगठी, बांगड्या, गळ्यातलं सगळं घरी ठेवा. बारमध्ये अंगठी अडकून बोटाची कातडी सोलली गेल्याचे प्रकार घडतात. धनुर्वाताचं इंजेक्शन किती जुनं आहे ते पाहा. आणि चिखलात तोंड बंद. अमेरिकेतल्या नेवाडात २०१२ साली गुरांच्या रानात झालेल्या अशाच शर्यतीनंतर २२ जणांना कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूने जुलाब झाले. ज्यांनी चुकून चिखलाचं पाणी गिळलं, त्यांच्यावर तो प्रसंग जास्त आला. आपल्याकडच्या म्हशी बसतात त्या डबक्यात सराव करायची हौस असेल, तर हे आठवावं.

शेवटच्या आठवड्यात लटकणं पूर्ण बंद, हलकं धावणं चालू. नोंदणी करताना वेळ निवडायला मिळाली तर सकाळचा पहिला गट घ्या. उशीर होईल तसा पुढे गेलेल्या शेकडो हातांचा चिखल त्या बारवर बसलेला असतो.