भिंग-संकेतन, पल्लामापक कॅमेऱ्यांचे

कॅमेऱ्याला जोडलेले भिंग कोणते आहे, हे अंकीय कॅमेऱ्यास आपोआप कळावे म्हणून भिंगाच्या मागील धातूच्या कडीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ठराविक मांडणी करतात. या क्रियेस भिंग-संकेतन म्हणतात. ही पद्धत मुख्यतः लायका कंपनीच्या ‘एम’ मालिकेतील पल्लामापक कॅमेऱ्यांशी निगडित आहे. कारखान्यातून संकेत नसलेल्या भिंगावर मालकाने अथवा कारागिराने स्वतः असे ठिपके उमटविल्यास त्यास हस्तसंकेतन म्हणता येईल.

पल्लामापक कॅमेऱ्यात वस्तू भिंगातून न पाहता शेजारच्या स्वतंत्र दृश्यदर्शकातून पाहतात. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींवर जुळविल्या की वस्तूचे अंतर साधले जाते. भिंग मागेपुढे सरकते तेव्हा त्याच्या मागील उंचवटा कॅमेऱ्यातील एका छोट्या चाकाला ढकलतो आणि ती हालचाल पल्लामापकास पोहोचते. सर्व काम तरफा व दांड्यांनी होते. विजेच्या संपर्कबिंदूंची गरज पडत नाही. लायका एम-३ हा कॅमेरा १९५४ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेली बायोनेट पद्धतीची जोडणी अशीच निव्वळ यांत्रिक होती. तीत कडीपासून फिल्मच्या पृष्ठापर्यंतचे अंतर २७.८ मिमी. ठेवलेले होते. त्यापूर्वीच्या आट्यांच्या जोडणीत हे अंतर २८.८ मिमी. होते. त्यामुळे १ मिमी. जाडीची कडी मध्ये बसवून १९३० नंतरची आट्यांची भिंगेही नव्या कॅमेऱ्यावर वापरता आली. ही जोडणी पुढे बदलली नाही, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीची भिंगे आजच्या कॅमेऱ्यावर बसतात ती यामुळेच. पण ज्या साधेपणामुळे हे साधले त्याच साधेपणामुळे भिंगाला कॅमेऱ्याशी बोलण्याचे काही साधन उरले नाही. भिंग एवढेच सांगू शकत होते : कडीच्या एका पाकळीची लांबी कमीजास्त करून ते दृश्यदर्शकातील चौकटींची योग्य जोडी (उदा., २८ व ९०, ३५ व १३५ किंवा ५० व ७५ मिमी.) पुढे आणीत असे.

गरज का पडली : फिल्मवर चित्र घेताना कॅमेऱ्यास भिंगाची ओळख असण्याचे कारण नव्हते. फिल्मचा संवेदनशील थर पातळ असतो आणि तिरप्या दिशेने आलेला प्रकाशही तो बराचसा सारख्याच रीतीने ग्रहण करतो. अंकीय संवेदकाचे तसे नाही. त्याच्या प्रत्येक प्रकाशग्राही कोशावर सूक्ष्म भिंग, रंगीत गाळणी आणि वर काचेचे आच्छादन असते. कोश म्हणजे जणू एक अरुंद विहीरच. सरळ वरून येणारा किरण तळाशी पोहोचतो, तिरपा किरण मात्र काठावर अडतो किंवा शेजारच्या कोशात शिरतो. पहिल्या कारणाने चित्राचे कोपरे काळवंडतात, दुसऱ्याने त्यांचा रंग बदलतो.

किरण किती तिरपा पडेल हे भिंगाच्या नुसत्या केंद्रांतरावर अवलंबून नसते. भिंगाचे निर्गम द्वारक, म्हणजे मागून पाहिल्यास दिसणारी रंध्राची प्रतिमा, संवेदकापासून किती दूर आहे यावर ते ठरते. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात आरशाला हलण्यास जागा लागते, म्हणून त्यांची विशालकोनी भिंगे मुद्दाम लांब रचलेली असतात. पल्लामापक कॅमेऱ्यात आरसा नसल्याने भिंगाची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. सममित रचनेच्या २१ मिमी. भिंगाचे निर्गम द्वारक संवेदकापासून सु. २१ मिमी.वरच असते. ३६ × २४ मिमी. चौकटीचा कोपरा मध्यापासून २१.६ मिमी. दूर आहे, तेव्हा तेथे किरण सु. ४६° इतका तिरपा पडतो. निर्गम द्वारक ६० मिमी. दूर असेल, तर हाच कोन सु. २०° भरतो. सुपर-अँग्युलॉनसारखी फिल्मच्या काळात नावाजलेली भिंगे अंकीय कॅमेऱ्यावर त्रासदायक ठरतात याचे कारण हे. त्यात भिंगाचा दोष नाही.

एम जोडणीचा पहिला अंकीय पल्लामापक कॅमेरा, एप्सन कंपनीचा आर-डी१, २००४ साली आला. त्यात भिंग ओळखण्याची सोय नव्हती. ती सोय लायका एम-८ (२००६) या कॅमेऱ्यात प्रथम आली. त्याचा संवेदक २७ × १८ मिमी.चा होता, आणि तिरप्या किरणांची अडचण कमी व्हावी म्हणून वरची काच अवघी ०.५ मिमी. जाड ठेवली होती. या काटकसरीची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. पातळ काच अवरक्त प्रकाश पुरेसा अडवू शकली नाही, आणि काही कृत्रिम धाग्यांचे काळे कापड चित्रात जांभळट दिसू लागले. उपाय म्हणून भिंगापुढे लावण्याच्या, अवरक्त किरण परतविणाऱ्या गाळण्या कंपनीने पुरविल्या.

या गाळण्या व्यतिकरणाच्या तत्त्वावर चालतात, आणि किरण तिरपा झाला की त्यांची अडविण्याची मर्यादा कमी तरंगलांबीकडे सरकते. गाळणीचा परिणामी प्रणमनांक १.५ आणि सरळ किरणासाठी मर्यादा ७०० नॅनोमीटर धरली, तर एम-८ वरील २१ मिमी. भिंगाच्या कोपऱ्याशी (कोन सु. ३८°) ती ६४० नॅनोमीटरच्या आसपास येते. म्हणजे अवरक्ताबरोबर दृश्य तांबड्या रंगाचाही काही भाग गाळला जातो आणि कोपरे निळसर-हिरवे होतात. हा दोष गणिताने भरून काढता येतो, परंतु त्यासाठी भिंग कोणते ते कॅमेऱ्याला माहीत असावेच लागते. अशा रीतीने संकेतन ही केवळ सोय न राहता एम-८ वर विशालकोनी भिंग वापरणाऱ्याची निकड झाली.

संकेताची रचना : भिंगाच्या कडीवर एका कंसात सहा जागा ठरविलेल्या आहेत. प्रत्येक जागी पांढरा ठिपका म्हणजे ० आणि काळा म्हणजे १. द्विमान पद्धतीच्या सहा अंकांनी ६४ मांडण्या होतात; त्यांपैकी सर्व शून्ये म्हणजे संकेत नसणे. उदा., २१ मिमी. एफ/२.८ एल्मारिटच्या जुन्या रचनेस ०००००१, त्याच्याच अगोलीय पृष्ठाच्या नव्या रचनेस ०११०००, ३५ मिमी. एफ/२ अगोलीय सुमिक्रॉनला ०११११० असे संकेत आहेत. एकाच केंद्रांतराच्या व रंध्राच्या दोन रचनांना निरनिराळे संकेत आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कॅमेऱ्याच्या कडीत सहा प्रकाशसंवेदक बसविलेले असून ठिपक्यांवरून परत येणारा प्रकाश ते मोजतात. यांशिवाय कॅमेरा चौकटी निवडणाऱ्या तरफेची स्थितीही वाचतो. २८-३५-५० मिमी. ट्राय-एल्मार भिंगात तिन्ही केंद्रांतरांना एकच संकेत आहे. कोणते लावले आहे ते तरफेवरून समजते.

संकेत वाचल्यावर कॅमेरा कोपऱ्यांचा काळेपणा व रंगबदल दुरुस्त करतो, भिंगाचे नाव चित्राच्या माहितीत नोंदवितो आणि जोडलेल्या प्रदीपदिव्याचा परावर्तक त्या केंद्रांतरास जुळवून घेऊ शकतो. रंध्राचे मान मात्र संकेतात नसते. एम-८ मध्ये ते अंदाजाने काढले जाते : भिंगातून आलेला प्रकाश आणि बाहेरच्या लहान संवेदकावर पडलेला प्रकाश यांच्या तुलनेवरून. त्यामुळे चित्राबरोबर नोंदलेले रंध्रमान प्रमाण मानू नये.

हस्तसंकेतनाची रीत : लायका कंपनी आपली बरीच जुनी भिंगे कारखान्यात परत घेऊन कडी बदलून देत असे, परंतु सर्व नाही, आणि इतर कंपन्यांची मुळीच नाही. कोसिना कंपनीची फॉइग्टलेंडर व त्सायस नावांची भिंगे पुष्कळांजवळ होती. त्यांच्यासाठी सर्वांत साधी रीत न पुसणाऱ्या शाईच्या लेखणीची. सहा खिडक्या कापलेली पट्टी कडीवर ठराविक खुणेशी जुळवून ठेवतात आणि जेथे १ हवा तेथे काळा ठिपका भरतात. चकचकीत धातू प्रकाश चांगला परत करतो, म्हणून ० च्या जागा बहुधा तशाच सोडल्या तरी चालतात. ठिपका निव्वळ डोळ्याला काळा दिसणे पुरेसे नाही. संवेदक ज्या तरंगलांबीचा प्रकाश वापरतो ती शाईने शोषली पाहिजे. कडीवरील स्क्रूचे डोके नेमके संकेताच्या जागी आले, तर ० च्या ठिकाणी १ वाचला जाण्याची शक्यता असते. तेथे पांढरा रंग द्यावा लागतो, किंवा तो नाद सोडावा लागतो.

शाईच्या ठिपक्यांचे आयुष्य थोडे. भिंग बसविताना कडी कॅमेऱ्याच्या कडीवर घासते आणि काही वेळा बदलल्यावर ठिपके पुसट होतात. म्हणून कारखान्यात ठिपक्यांसाठी उथळ खळगे पाडून त्यांत रंग भरतात. रंग पृष्ठाच्या खाली राहिल्याने घासला जात नाही. हेच काम चक्रीकर्तन यंत्रावर करून देणारे कारागीर आहेत, आणि आयत्या खळग्यांची बदली कडीही मिळते. आट्यांच्या भिंगांना तर सर्वांत सोपे : खळगे भिंगात न पाडता मधल्या कडीत पाडावयाचे. ती कडी योग्य चौकटींची निवडावी, कारण काही संकेतांच्या बाबतीत चौकट चुकली की कॅमेरा संकेत मानीत नाही.

जुन्या, दुर्मिळ भिंगाच्या मूळ कडीत खळगे पाडणे ही मात्र परत न फिरणारी गोष्ट आहे. शाई मद्यार्काने पुसता येते, बदललेली कडी जपून ठेवता येते; कापलेला धातू भरून येत नाही. संग्राहकांच्या दृष्टीने अशा भिंगाचे मोल उतरते, व केवळ संग्राहकांपुरता हा प्रश्न पाहू नये. जुन्या प्रकाशीय उपकरणाचे मूळ रूप हा तंत्रविद्येच्या इतिहासाचा पुरावाही असतो.

संकेताची निवड : परक्या भिंगाला स्वतःचा संकेत नसल्याने कोणत्यातरी लायका भिंगाचा संकेत उसना घ्यावा लागतो. केंद्रांतर व रंध्र जुळणारे भिंग घ्यावे, असा सर्वसाधारण सल्ला देतात. वर सांगितल्याप्रमाणे निर्गम द्वारकाचे स्थान अधिक महत्त्वाचे असल्यामुळे हा सल्ला नेहमी फळत नाही. निरनिराळे संकेत लावून एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पृष्ठाची चित्रे घ्यावीत व ज्यात कडा कमीत कमी रंगलेल्या असतील तो ठेवावा, हेच खरे. १५ मिमी. एफ/४.५ हेलियारसाठी पुष्कळांनी १६-१८-२१ मिमी. ट्राय-एल्मारचा संकेत वापरला. त्याच भिंगाची २०१५ ची आवृत्ती किरण कमी तिरपे पडतील अशी नव्याने रचलेली असल्याने तिला या उसनवारीची फारशी गरज राहिली नाही.

उसन्या संकेताचा एक तोटा सहसा कोणी विचारात घेत नाही. चित्राच्या माहितीत दुसऱ्याच भिंगाचे नाव कायमचे नोंदले जाते. घरगुती चित्रांत त्याने बिघडत नाही. परंतु वृत्तछायाचित्रे, पुराभिलेख किंवा वस्तूंची तांत्रिक नोंद यांत ती माहिती पुढे पुरावा म्हणून वाचली जाण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी भिंगाचे खरे नाव स्वतंत्रपणे लिहून ठेवणे आवश्यक होय.

नंतरची स्थिती : पूर्ण ३६ × २४ मिमी. संवेदकाचा लायका एम-९ (२००९) आला, तेव्हा यादीतून भिंग हाताने निवडण्याची सोय कॅमेऱ्यातच झाली. तीमुळे हस्तसंकेतनाची निकड कमी झाली, पण ते संपले नाही. भिंग बदलताना यादीतील नोंद बदलण्याचे विसरते, आणि चुकीच्या भिंगाची दुरुस्ती दुरुस्ती न करण्याहून वाईट ठरू शकते. याच कॅमेऱ्यावर चित्राची एक कड तांबूस व दुसरी हिरवट होण्याचा दोष विशेष चर्चिला गेला. पांढऱ्या पृष्ठाचे नमुनाचित्र घेऊन संगणकावर नंतर रंग समान करण्याची रीतही रुळली आहे. तीत भिंगाला हात लावावा लागत नाही, मात्र प्रत्येक भिंगासाठी आणि काटेकोरपणा हवा असेल तर प्रत्येक रंध्रासाठी वेगळा नमुना ठेवावा लागतो. लायकाच्या आरसारहित कॅमेऱ्यांवर एम भिंगे बसविण्यासाठी २०१४ पासून मिळणारी मधली कडीही हेच सहा ठिपके वाचते.