बांधण्यापूर्वीं पाहिलेला पूल

कर्जतेहून लोणावळ्यास आगगाडीनें येतांना बोगद्यांतील अंधार व दरींतील उजेड यांचा लपंडाव आमच्या बालवाचकांनीं पाहिला असेलच. भोर घाटांतील हा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. अवघ्या चार वर्षांनीं, १८६७ च्या जुलै महिन्यांत, इंग्रजी दप्तरांत ‘म्हाऊ-की-मल्ली’ या नांवानें नोंदलेला याच मार्गावरील दगडी कमानींचा पूल ढासळला. त्याचा नकाशा काढलेला नव्हता असें नाहीं. परंतु पूल उभा राहण्यापूर्वीं तो भार कसा पेलील, हें डोळ्यांस दिसण्याची सोय त्या काळीं नव्हती.

ती सोय आतां संगणकानें करून दिली आहे. वस्तु पूल असो वा मोटारीचा दरवाजा, प्रथम तिची लांबी, रुंदी, जाडी व जिन्नसाची ताकद आंकड्यांनीं सांगावी लागते. मग संगणक त्या वस्तूचे बारीक तुकडे कल्पितो. शेजाऱ्याचा रेटा प्रत्येक तुकड्यावर किती येतो, आणि तो पुढें किती देतो, असे लाखों हिशेब तो एकत्र जुळवतो. ताण अधिक तेथें तांबडा रंग, कमी तेथें निळा, असें चित्र पडद्यावर उमटतें. तांबडी जागा जाड करावी आणि हिशेब पुन्हा मांडावा. यांत दगड वायां जात नाहीं, कीं कोणी मजूर कड्यावरून पडत नाहीं.

मोटारीच्या पत्र्याचे सांचे फार महाग पडतात. म्हणून सांचा घडविण्यापूर्वींच तिची भिंतीशीं टक्कर पडद्यावर अनेक वेळां घडवून पाहतात. ज्यांचे वडील तळेगांव-चाकणकडील कारखान्यांत जातात त्यांनीं घरीं अवश्य विचारावें.

संगणक नव्हता तेव्हां लहान प्रतिकृति हाच उपाय होता. १९१६ सालीं मुंबई इलाख्यांत आरंभ झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आज खडकवासल्यास आहे. तेथें नद्या, धरणें व बंदरें प्रमाणांत लहान बांधून त्यांत खरें पाणी सोडतात. संगणक आला तरी हीं पाण्याचीं कामें बंद झालीं नाहींत. वाळू घेऊन भोंवऱ्यांत फिरणारें पाणी हिशेबास सहज सांपडत नाहीं, त्यास कोण काय करणार!

आमचीं मुलें संगणकाच्या तासास रंगीत चित्रावरच भाळतात. आम्ही त्यांस पुन्हा त्या पडलेल्या पुलाकडे नेतों. त्याचें बांधकाम निकृष्ट होतें, असें पुढें चौकशींत दिसून आलें. आज तोच नकाशा संगणकास दिला आणि ‘दगडचुना उत्तम’ असें लिहून दिलें, तर तो सारा पूल निळाच दाखवील. दिलेल्या आंकड्यांवर त्याचा पूर्ण विश्वास असतो. यासाठींच कामावरील ओलें काँक्रीट पंधरा सेंटिमीटरच्या सांच्यांत भरून त्याचे ठोकळे पाडतात, ते अठ्ठावीस दिवस पाण्यांत मुरवितात आणि मग यंत्राखालीं फोडून पाहतात. लोणावळ्याकडे एखाद्या पुलाचें काम चालू असलें, तर असे ठोकळे कडेला मांडलेले दिसतील. प्रत्येकावर तारीख लिहिलेली असते.