एसीतली हवा किती शिळी?

क्षयरोगावर औषध नव्हते, तेव्हा मोकळी हवा हाच मोठा उपचार मानला जाई. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले ते त्यासाठीच. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीतही क्षयरुग्णांसाठी असेच आरोग्यधाम झाले. त्याच सातारा-सांगलीत आता पतसंस्था, बँका, विमा कार्यालये यांच्या खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद झालेल्या दिसतात.

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेतो, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. बाहेर टांगलेले यंत्र फक्त उष्णता टाकते. आतली हवा आतच गार होऊन फिरत राहते. एसीची जाळी धूळ अडवते, पण सहकाऱ्याचा उच्छ्वास अडवत नाही. दुपारी जडावणारे डोके, चुरचुरणारे डोळे, सुकलेला घसा आणि घरी गेल्यावर किंवा रविवारी बरे वाटणे, हे लक्षण ओळखीचे असेल तर हवा मोजून घ्यावी.

मोजायचा तो कार्बन डायऑक्साइड. ही युक्ती जुनी आहे. म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतल्या हवेसाठी १,००० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत हजार भाग, ही मर्यादा सुचवली होती. बाहेरच्या हवेत हा वायू ४२० पीपीएमच्या आसपास असतो, उच्छ्वासात सुमारे ४०,०००. म्हणजे खोलीत १,६०० आकडा दिसला, तर दर शंभर श्वासांतले तीन श्वास कुणीतरी आधीच सोडलेले असतात. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो, इथे तो केवळ खबऱ्या आहे. पण त्या उष्ट्या हवेबरोबर फ्लू, कोरोना आणि क्षयाचे जंतूही फिरू शकतात.

मीटर काही हजार रुपयांत मिळतो. इन्फ्रारेड पद्धतीचाच घ्यावा. बरीच स्वस्त यंत्रे हा वायू न मोजता नुसता अंदाज दाखवतात. आधी बाहेर नोंद घ्यावी, मग आत, बसल्यावर नाक येते त्या उंचीवर, माणसांपासून मीटरभर दूर. सकाळी रिकाम्या कार्यालयातला आकडा निरुपयोगी. गर्दी होऊन दोन तास झाले की खरे चित्र दिसते.

आकडा हजारावर राहिला तर एक्झॉस्ट फॅन लावावा, आणि समोरच्या बाजूने हवा आत यायला फटही ठेवावी. नुसता पंखा लावून भागत नाही. महामार्गालगतच्या कार्यालयांनी मागची खिडकी उघडावी, नाहीतर धूळ आणि धूर आत येईल. मीटरला बुरशी मात्र कळत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत ज्या इमारतींत पाणी शिरले, तिथल्या प्लायवूडच्या पार्टिशनमागे आणि भिंतींच्या तळाशी ओल राहिली आहे का, हे डोळ्यांनी आणि वासानेच तपासावे लागते.

खोलीतल्या कुणाचाही खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. निदान क्षयाचे निघाले, तर शेजारच्या टेबलांवरच्यांनीही तपासून घ्यावे.