प्वांकारे घराण्यातले दोघे

प्वांकारे हे आडनाव गणिताच्या पुस्तकात भेटते आणि पहिल्या महायुद्धाच्या इतिहासातही. आंरी प्वांकारे (१८५४–१९१२) यांनी परस्परांना खेचणाऱ्या तीन खगोलांच्या गतीचा प्रश्न हाताळला आणि आजच्या केऑस सिद्धांताचा पाया घातला. रेमों प्वांकारे (१८६०–१९३४) महायुद्धाच्या काळात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष होते. दोघे चुलत भाऊ. त्यात रेमों यांचे धाकटे भाऊ ल्यूसियाँ भौतिकशास्त्रज्ञ. तेव्हा बुद्धी घराण्याच्या रक्तातच होती, असे म्हणून मोकळे होणारे बरेच. पण रक्तातली बुद्धी कुठे कामाला लागावी हे रक्त ठरवत नाही. आंरी यांचे वडील नान्सीत वैद्यकाचे प्राध्यापक, रेमों यांचे वडील सरकारी अभियंते. लोरेन प्रांतातल्या अशा शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलांना स्पर्धापरीक्षा देऊन सरकारी सेवेत शिरण्याची वाट फ्रान्समध्ये खुली होती. म्हणून तर आंरी आधी खाण-अभियंता झाले आणि १८७९ साली मान्यीच्या खाणीतल्या स्फोटाची चौकशी त्यांनी केली. विद्वान आणि मंत्री हे दोघेही त्या व्यवस्थेत राज्याचेच सेवक होते.

यावर कोणी म्हणेल, दोघांना घडवले ते जर्मनांकडून झालेल्या १८७०च्या पराभवाने. लोरेनवर जर्मन फौजा आल्या तेव्हा दोघेही शाळकरी वयाचे होते, हे खरे. पण एकाच घावाचे परिणाम किती वेगळे! आंरी व्याप्त नान्सीत जर्मन शिकले, आणि पुढे आपण शोधलेल्या गणिती फलनांना त्यांनी फुक्स या जर्मन गणितज्ञाचे नाव दिले. रेमों यांनी १९२३ साली महायुद्धाच्या नुकसानभरपाईसाठी जर्मनीच्या रूर भागात सैन्य घातले.

दोघांची खरी तुलना ड्रेफ्यूस प्रकरणात होते. १८९४ साली या निरपराध ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवले गेले तेव्हा रेमों अर्थमंत्री होते. ते संसदेत मनातले बोलले १८९८च्या नोव्हेंबरात. आंरी यांनी १९०४ साली दार्बू आणि आपेल या गणितज्ञांसह अहवाल लिहून, ड्रेफ्यूसविरुद्ध साक्ष देणाऱ्या बेर्तियों यांच्या हस्ताक्षर-तपासणीतले संभाव्यतेचे गणित निराधार ठरवले. १९०६ साली ड्रेफ्यूस यांची शिक्षा रद्द झाली. मंत्र्याला मंत्रिमंडळाची बांधिलकी असते, गणितज्ञाला तसले जोखड नसते, असा रेमों यांचा बचाव करता येतो. तो अर्धाच मान्य करावा लागेल. १८९५च्या जानेवारीत ते मंत्रिमंडळ गेले. त्यानंतरच्या जवळजवळ चार वर्षांच्या मौनाला ही सबब पुरत नाही. सार्वजनिक कर्तव्याचा संस्कार दोघांवर सारखाच होता. या एका प्रकरणात तरी तो गणितज्ञाने अधिक चोख पाळला.